नदीचे मूळ आणि वाळूचे कुळ

(प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



नदीचे मूळ आणि ऋषीचे कुळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषीच्या कुळाबाबत हा उपदेश शहाणपणाचा असेल. नदीच्या बाबतीत मात्र भूशास्त्राने तो मानलेला नाही. नदीचेच नव्हे, तर तिने वाहून आणलेल्या वाळूच्या एकेका कणाचे कुळ विचारण्यापर्यंत या शास्त्राची मजल गेली आहे. हा कण कोणत्या डोंगरातून निघाला, किती वाट चालून येथे आला, वाटेत त्याला कोणाची संगत घडली, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे राहिलेले नाहीत. मानवाचा प्राचीन इतिहास, शेतजमिनीची धूप आणि वाळवंटांची घडण, या तिन्ही विषयांतील काही महत्त्वाचे निष्कर्ष अशाच कणांच्या साक्षीवर उभे आहेत. त्यांतील एक गाजलेली साक्ष पुणे जिल्ह्यातीलच आहे, आणि तिला समजून घेण्यासाठी लागणारा पहिला पाठ मावळच्या मुलांच्या पायांखाली पसरलेला आहे.

समजा, मावळातील एखाद्या शाळेत शिक्षकाने विचारले, “वाळू कशाची बनलेली असते?” बहुतेक पुस्तकांतून मिळणारे उत्तर असे की, वाळू म्हणजे गारगोटीचे बारीक कण. उत्तर पाठ करून मुले सांगतातही. परंतु कामशेतकडचा एखादा चौकस मुलगा इंद्रायणीच्या पात्रातून मूठभर वाळू घेऊन आला, तर काय दिसेल? ती वाळू काळसर, करड्या रंगाची असते. तीत गारगोटीचा चमकदार पांढरा कण शोधून काढावा लागतो. अशा वेळी शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. पुस्तक बरोबर आहे, तुझी मूठ चुकली, असे म्हणून विषय संपविणे हा एक. मूठही खरी आणि पुस्तकही आपल्या जागी खरे, मग दोहोंत फरक का, हे विचारणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने धडा वेळेवर संपतो. पण मुलगा पुन्हा नदीवरून काही आणीत नाही. दुसऱ्या मार्गाने विज्ञानाला आरंभ होतो.

फरकाचे कारण खडकात आहे. पुस्तकात वर्णिलेली वाळू ही मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या झिजेतून निर्माण होते. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी भरपूर असते. ऊन, वारा, पाणी यांच्या माऱ्याने त्या खडकातील इतर खनिजे कुजून त्यांची माती होते. गारगोटी मात्र कठीण आणि रासायनिक दृष्ट्या चिवट असल्यामुळे मागे उरते. हजारो कोस प्रवास करूनही ती टिकते. मावळचा डोंगर ग्रॅनाइटचा नाही. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारसाचे लोट एकामागून एक बाहेर आले आणि थंड होऊन एकावर एक थर साचले. आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापणारा हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट होय. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत. लोहगड व विसापूर त्याच्याच थरांवर उभे आहेत.

बेसाल्टात सिलिका सुमारे निम्मी असते. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि टायटॅनियम यांचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ अधिक असते. सुट्या गारगोटीचे स्फटिक त्यात जवळजवळ नसतात. त्यातील मुख्य खनिजे म्हणजे फेल्स्पार, पायरॉक्सिन आणि लोह-टायटॅनियमची काळी, चुंबकाला चिकटणारी खनिजे. यांतील पहिली दोन पावसात लवकर कुजतात व त्यांची चिकण माती होते. म्हणूनच दख्खनच्या नद्या काळी माती उदंड देतात आणि वाळू त्या मानाने थोडी देतात. इंद्रायणीच्या वाळूत जे पांढरे कण आढळतात, ते बहुधा पाषाणातील पोकळ्यांत मागाहून भरलेल्या खनिजांचे असतात: झिओलाइट, चुनखडीचे स्फटिक, अकीक व थोडी गारगोटी. एवढे समजले की मुलाची मूठ आणि पुस्तकाचे वाक्य यांत भांडण उरत नाही. दोन्ही वाळू आपापल्या डोंगराचे वर्णन करीत आहेत, इतकेच.

वाळूचे वर्णन वाचण्याची ही विद्या पूर्वी भिंगाच्या साहाय्याने चालत असे. तिचे एक प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. १९४४ च्या नोव्हेंबरपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत जपानने कागदी फुगे बाँबसह आकाशात सोडले आणि उंचावरील वाऱ्याने ते प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचले. फुग्यांची उंची राखण्यासाठी त्यांना वाळूच्या पिशव्या बांधलेल्या असत. अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी त्या पिशव्यांतील वाळूची खनिजे व तीत सापडलेले सूक्ष्म जीवांचे अवशेष तपासले आणि ती वाळू जपानच्या कोणत्या किनाऱ्यांवरील असू शकेल, याचा अंदाज बांधला. फुगे कोणी सोडले हे सांगणारा माणूस हाती नव्हता. ते काम वाळूने केले.

भिंगाला जे दिसत नाही, ते आज रसायनशास्त्र दाखविते. वाळवंटाचा प्रश्न घेऊ. राजस्थान आणि सिंध यांच्यामध्ये पसरलेल्या थरच्या वाळवंटात वाळूच्या टेकड्यांमागून टेकड्या आहेत. ही एवढी वाळू आली कोठून? तेथल्याच खडकांची झीज होऊन ती बनली असेल. अरवलीच्या डोंगरांतून आली असेल. समुद्रकाठावरून वाऱ्याने आणली असेल. किंवा सिंधूच्या गाळातून उडून आली असेल. कण पाहावा तर सारे सारखेच: गोलसर, फिकट, गारगोटीचे. भिंगाखाली त्यांचे चेहरे वेगळे दिसत नाहीत. मग कुळ ओळखावे कसे?

येथे झिरकॉन नावाचे खनिज उपयोगी पडते. ग्रॅनाइटसारख्या खडकांत ते अगदी थोडे, पण हटकून आढळते आणि झिजेला गारगोटीपेक्षाही दाद देत नाही. स्फटिक बनताना त्यात थोडे युरेनियम अडकते, शिसे मात्र जवळजवळ शिरत नाही. पुढे युरेनियमचे ठरावीक गतीने शिशात रूपांतर होत राहते. त्यामुळे कणात किती युरेनियम शिल्लक आहे आणि किती शिसे साचले आहे, हे मोजले म्हणजे तो स्फटिक केव्हा जन्मला ते कळते. वाळू कितीही वेळा उडाली, वाहिली, पुन्हा साचली, तरी हे जन्मवर्ष पुसले जात नाही. आता ज्या डोंगरांतून वाळू येण्याचा संभव आहे, त्यांच्या खडकांची वये वेगवेगळी असतील, तर वाळूतील शेकडो झिरकॉनांची वये मोजून कोणत्या डोंगराचे किती कण आहेत, हे सांगता येते. काराकोरम व कोहिस्तान या भागांतील पुष्कळसे झिरकॉन दहा कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून तरुण आहेत. भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या खडकांतील झिरकॉन त्यांच्या तुलनेत फार वृद्ध. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा प्रकारच्या एका अभ्यासातून असे दिसले की, थरच्या वाळूचा मोठा भाग सिंधूनेच आणलेला आहे. हिमालय आणि काराकोरम येथून नदीने तो खाली आणला आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने सिंधूच्या खालच्या खोऱ्यातून उचलून वाळवंटात नेऊन टाकला. ज्या वाऱ्याची वाट मावळचा शेतकरी ज्येष्ठात पाहतो, त्याच मोसमी वाऱ्याने तेथे पावसाऐवजी वाळू वाहिली.

झिरकॉन हे एक साधन झाले. बेसाल्टात झिरकॉन जवळजवळ मिळत नाही. तेथे दुसरी साधने लागतात, आणि त्यांपैकी एकाचे उत्तम उदाहरण लोणावळ्याच्या घाटातच आहे. रेल्वेने बोरघाट चढताना दोहो बाजूंस दिसणारे काळे थर वरवर एकसारखे भासतात. १९८० नंतरच्या दशकात भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या घाटांत पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेका थराचे नमुने गोळा करून त्यांचे रासायनिक पृथक्करण केले. त्यावरून या थरांचे गट पाडण्यात आले. खालच्यास कळसूबाई, मधल्यास लोणावळा आणि वरच्यास वाई अशी नावे मिळाली. लोणावळा गटाचे दोन भाग आहेत, खंडाळा आणि बुशे. अशा रीतीने मावळच्या एका गावाचे नाव जगातील भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे. ही गोष्ट तेथील विद्यार्थ्यांना अवश्य सांगण्यासारखी आहे.

बुशे थरांचे वैशिष्ट्य स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यात आढळते. स्ट्रॉन्शियमचे अणू सर्व सारख्या वजनाचे नसतात. त्यांतील ८७ वजनाचे काही अणू रुबिडियमच्या विघटनातून तयार होतात. हे विघटन इतके सावकाश चालते की, रुबिडियम-८७ चे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. म्हणून रुबिडियम अधिक असलेल्या आणि फार जुन्या खडकांत ८७ वजनाच्या स्ट्रॉन्शियमचे ८६ वजनाच्या स्ट्रॉन्शियमशी असलेले प्रमाण वाढलेले दिसते. पृथ्वीच्या खोल भागातून सरळ वर आलेल्या शिलारसात ते कमी असते. महाबळेश्वर व पोलादपूर यांच्यामधील आंबेनळी घाटावरून ज्यांना नाव मिळाले, त्या थरांत हे प्रमाण ०·७०४ च्या आसपास आहे. बुशे थरांत ते ०·७१३ पासून ०·७२ पर्यंत जाते. आकड्यांतील फरक चिमूटभर वाटेल, परंतु प्रयोगशाळेतील वस्तुमान-वर्णपटमापक याहून कितीतरी सूक्ष्म फरक निःसंशय मोजतो. निष्कर्ष असा की, बुशे थरांचा शिलारस वर येताना दख्खनच्या तळाशी असलेल्या प्राचीन खडकांना वितळवून, त्यांचा अंश पोटात घेऊन आला. जो जुना खडक मावळात कोठेही उघडा दिसत नाही, त्याची खूण अशा रीतीने वरच्या काळ्या पाषाणात सापडली.

आता पुणे जिल्ह्यातील त्या गाजलेल्या साक्षीकडे वळू. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी हे गाव आहे. तेथे नदीकाठच्या जुन्या गाळात पांढरट, पिठासारख्या मऊ पदार्थाचा थर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तो पदार्थ म्हणजे काचेच्या अतिसूक्ष्म, टोकदार तुकड्यांचा ढीग असल्याचे दिसून आले. ती ज्वालामुखीची राख होती. या थराच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी या स्थळाचा अभ्यास केल्यावर साहजिकच प्रश्न उभा राहिला: ही राख कोणत्या ज्वालामुखीची आणि किती जुनी? कारण राखेचे वय कळले, तर महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरत आहे, याचा एक दाखला मिळणार होता.

ही राख दख्खनच्या बेसाल्टाची नव्हे, हे तिच्या घटकांवरून स्पष्ट होते. बेसाल्टात सिलिका निम्मी. या काचेत ती तीन-चतुर्थांशाहून अधिक. एवढी सिलिका असलेली राख भारताबाहेरूनच आली असली पाहिजे. वयाबाबत मात्र मोठे मतभेद झाले. १९८९ साली पोटॅशियम व अर्गॉन यांच्या प्रमाणावरून सुमारे १४ लक्ष वर्षे असे वय प्रसिद्ध झाले. १९९५ साली त्याच तत्त्वाच्या अधिक सुधारलेल्या पद्धतीने ते सुमारे ६ लक्ष ७० हजार वर्षे ठरविण्यात आले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी निराळा मार्ग धरला. वय मोजण्याआधी त्यांनी कुळ विचारले. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्म शलाकेने काचकणांचे पृथक्करण करून त्यांनी ते इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीच्या राखेशी ताडून पाहिले. टोबाचा अखेरचा महास्फोट सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी झाला. त्या स्फोटाने खचलेल्या जागेत आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. बोरीच्या काचेतील मूलद्रव्यांचे परस्पर प्रमाण या स्फोटाच्या राखेशी जुळले. १९९८ मध्ये आणि पुढे २०१४ मध्ये, अल्प प्रमाणातील मूलद्रव्ये एकेका काचकणात मोजून झालेल्या तपासण्यांनीही हाच निर्णय दिला. सुमारे ३,००० किलोमीटर दूरच्या बेटावरून उडालेली धूळ कुकडीच्या काठी येऊन पडली होती.

१४ लक्ष आणि ७५ हजार! या दोन आकड्यांत जवळजवळ एकोणीस पटींचे अंतर आहे. मोजणारे सर्वच अभ्यासू होते, यंत्रेही नीट होती. मग अशा प्रकारचे अंतर पडते कसे? नदीकाठच्या गाळातील राख निर्भेळ राहत नाही. तिच्यात आसपासच्या जुन्या खडकाचे कण मिसळतात. कोट्यवधी वर्षांच्या पाषाणाचा अल्पसा अंश जरी नमुन्यात शिरला, तरी एकत्र मोजलेले वय भलतेच फुगते. एकेक कण सुटा तपासण्याचे महत्त्व यात आहे. हा वाद तेवढ्यावर संपूर्ण मिटला असेही नाही. जुन्या वयाचा पक्ष काही अभ्यासकांनी नंतरही मांडला आहे. शिवाय राखेचे वय ठरले म्हणून हत्यारांचे वय आपोआप ठरत नाही. प्रवाहाने ती जुन्या थरातून उचलून राखेजवळ आणून टाकलेली असू शकतात. विद्यार्थ्यांना विज्ञानातील केवळ जुळलेली उत्तरे सांगण्यापेक्षा, उत्तर कसे बदलले आणि का बदलले, हे सांगण्यात अधिक शिक्षण आहे.

आणखी एका निष्कर्षाचा संबंध शेतीशी येतो. तो खेड्यातील शिक्षकास सर्वांत जवळचा वाटावा. गोदावरीच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांत नदीने आणलेला गाळ तेथे क्रमवार साचलेला आहे. दख्खनच्या बेसाल्टातील निओडिमियम या मूलद्रव्याच्या अणूंचे प्रमाण पूर्वेकडील प्राचीन खडकांपेक्षा वेगळे असते. त्यावरून कोणत्या काळात दख्खनची माती किती वाहून गेली, याचा अंदाज करता येतो. पावसाळे क्षीण होऊन हवामान कोरडे होऊ लागले, तेव्हा धूप कमी होण्याऐवजी वाढली. आणि पुढे दख्खनच्या पठारावर शेतीचा विस्तार झाला, तेव्हा ती आणखी वाढली, असे या अभ्यासातून दिसून आले. पाऊस कमी झाला म्हणजे रान विरळ होते, जमीन उघडी पडते, आणि मग जो थोडा पाऊस पडतो तोच माती घेऊन जातो. बांध घालणे, चर खोदणे, उतारावर झाडे राखणे यांचा उपदेश शाळेत नेहमी केला जातो. त्या उपदेशामागे समुद्राच्या तळाशी लिहिलेला हजारो वर्षांचा हिशेब आहे.

मावळच्या मातीचा प्रवासही असाच दूरचा आहे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू व आळंदीवरून जाऊन तुळापूर येथे भीमेला मिळते. भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. त्याच डोंगरमाथ्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब उल्हास नदीतून वसईच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला जातो. एका कड्याचे दोन शेजारी खडे अशा रीतीने दोन समुद्रांना मिळू शकतात. मात्र सर्वच कण तेथवर पोहोचत नाहीत. लोणावळा व वळवण येथील तलावांचे पाणी वीजनिर्मितीसाठी खोपोलीकडे उतरविले जाते. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. पाणी पश्चिमेस गेले तरी त्यातील जड वाळू तलावाच्या तळाशीच राहते. मूळ शोधणाऱ्याने अशा अडथळ्यांचा विचार केला नाही, तर तो फसतो.

फसण्याच्या आणखी काही जागा आहेत. पाणी व वारा कणांची निवड करतात: जड काळे कण एकीकडे, हलके एकीकडे. एकाच नदीच्या दोन वळणांवरील वाळूचे रासायनिक घटक त्यामुळे वेगळे भरतात. डोंगर मात्र तोच असतो. दुसरे असे की, पावसाने सोडियम, कॅल्शियम यांसारखी मूलद्रव्ये विरघळून निघून जातात; टायटॅनियम व थोरियम यांसारखी बहुतांशी जागेवर राहतात. म्हणून जाणते संशोधक सहज न विरघळणाऱ्या मूलद्रव्यांच्या परस्पर प्रमाणावर भर देतात. तिसरे, आजची वाळू ट्रकनेही प्रवास करते. गावातील बांधकामापुढे पडलेला ढीग दूरच्या नदीचा असू शकेल. खडी यंत्रातून काढलेली कृत्रिम वाळू जर मावळच्याच पाषाणाची असेल, तर तिचे रसायन इंद्रायणीच्या वाळूशी जुळेल. तेथे रसायन मुके होते आणि कणाचा आकार बोलतो: यंत्राने फोडलेला कण धारदार असतो, नदीने घोळलेला बोथट. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे तत्त्व न्यायालयात आणि नदीकाठी सारखेच लागू आहे.

या विषयाचा वर्गात उपयोग कसा करावा? प्रयोगशाळेची यंत्रे शाळेत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. पुढील चार गोष्टी कोणत्याही शाळेत करता येतील.

पहिली, संग्रह. नदी, ओढा, शेताचा बांध, रस्त्याकडेचा मुरूम आणि बांधकामाचा ढीग अशा निरनिराळ्या जागांची वाळू मुलांनी छोट्या बाटल्यांत आणावी. प्रत्येक बाटलीवर गाव, जागा, दिनांक आणि आणणाऱ्याचे नाव लिहावे. चिठ्ठी नसलेली बाटली संग्रहात ठेवू नये. कोठली ते ठाऊक नसलेली वाळू अभ्यासाला निरुपयोगी असते, हे मुलांच्या मनावर बिंबले पाहिजे. नदीवर जाताना मोठी माणसे सोबत असावीत आणि पावसाळ्यात पात्रात कोणी उतरू नये.

दुसरी, लोहचुंबक. चुंबकाला पातळ कागद गुंडाळून तो वाळलेल्या वाळूतून फिरवावा. मावळच्या वाळूतून काळ्या कणांची मिशी चुंबकाला लागेल. ते कण कागदावर झटकून, चमचाभर वाळूत किती निघाले याची तुलना करावी. फिकट, गारगोटीची वाळू मिळाल्यास तीही याच रीतीने तपासावी. फरक मुलांना स्वतः दिसेल.

तिसरी, आम्लाची परीक्षा. कणांवर शिरक्याचे थोडे थेंब टाकावेत. चुनखडीचे कण असतील तेथे बारीक बुडबुडे येतात. शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली किनाऱ्याची वाळू मिळाल्यास ती अधिक फसफसेल. पाषाणाचे काळे कण व गारगोटी स्वस्थ राहतील.

चौथी, हिशेब. हा गणिताच्या तासाला करण्याजोगा आहे. एका डोंगराच्या वाळूत एखाद्या घटकाचे शेकडा ५० भाग आहेत आणि दुसऱ्या डोंगराच्या वाळूत शेकडा ८०. दोन्ही मिसळून झालेल्या वाळूत तो शेकडा ६५ आहे, तर प्रत्येक डोंगराचा वाटा किती? उत्तर निम्मा-निम्मा, हे मुले काढतील. मग विचारावे, “पण तिसऱ्या डोंगराची वाळूही मिसळली असेल तर?” तेव्हा एकच घटक पुरत नाही, दुसरा मोजावा लागतो, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे. संशोधक हाच हिशेब अनेक मूलद्रव्यांनी करतात. रीत वेगळी नाही, आकडे मात्र पुष्कळ.

या साऱ्यात शिक्षकाने एक पथ्य पाळावे. तपासण्यापूर्वी मुलांना अंदाज वहीत लिहावयास सांगावे आणि तपासल्यानंतर तो अंदाज खोडू देऊ नये. त्याखाली निष्कर्ष लिहावा, आणि दोहोंत फरक पडला तर कारण लिहावे. बोरीच्या राखेच्या बाबतीत जुने आकडे आणि नवे आकडे दोन्ही नोंदलेले राहिले, म्हणूनच चूक कोठे झाली असावी याचा विचार पुढच्यांना करता आला. खोडलेल्या वहीतून कोणी काही शिकत नाही.

खेड्यातील शाळेत साधने नाहीत, ही तक्रार पुष्कळ बाबतींत खरी आहे. या एका विषयात मात्र ती लागू पडत नाही. ज्या घाटाचे थर तपासण्यासाठी परदेशचे भूशास्त्रज्ञ नमुने घेऊन गेले, तो घाट मावळच्या मुलांच्या दारात आहे. सोळा आण्याचे काम एवढेच की, नदीवरून आणलेली मूठ मुलाने टेबलावर ठेवली, तर शिक्षकाने ती बाहेर टाकावयास न सांगता विचारावे, “ही कोठून आणलीस? आणि तेथे ती कोठून आली असेल?”